उजव्या कोपऱ्यातली नावं

ए-झीरो आकाराचा नकाशा 1189 बाय 841 मिलिमीटरचा असतो. फाईलला लावण्यासाठी त्याची घडी घालत घालत तो ए-फोरएवढा करायचा, आणि शेवटी उजवीकडचा खालचा कोपरा वर राहिला पाहिजे. राहिला नाही तर घडी चुकली, उलगडून पुन्हा घाला. टायटल ब्लॉक, म्हणजे नकाशाची माहिती देणारी चौकट, त्या कोपऱ्यात असते ती याच कारणाने. रेकॉर्डरूममधल्या गठ्ठ्यातून हवा तो नकाशा न उलगडता सापडला पाहिजे. कुठल्या इमारतीचा, कुठल्या मजल्याचा, कितवी सुधारणा, आणि कोणाचा, हे चारही प्रश्न तिथल्या तिथे सुटले पाहिजेत.

यातला चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचाच इतिहास सगळ्यात कमी सांगितला जातो. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा कोर्स करून मी फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले, तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईने काम चालायचं. आज मी त्याच धंद्यात, पण रेव्हिट या सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलवर, पाच-सहा कन्सल्टंट लोकांची कामं एकमेकांशी जुळवून घेते. साधनं बदलली तशी त्या कोपऱ्यातली नावं कशी बदलत गेली, हे मी जवळून पाहिलं आहे.

मुंबईत एके काळी एका इमारतीला एकच नाव पुरत असे. विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केले. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. दगड इथला, गवंडी इथले, उन्हात उभं राहून माप धरणारे इथले, आणि नाव मात्र समुद्रापलीकडचं. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हटलं की एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे नाव पाठ असतं. 1878 मध्ये सुरू झालेल्या आणि दहा वर्षं चाललेल्या या कामात स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते आणि एम. एम. जनार्दन देखरेख करत होते. ही नावं मिळतात हेच नशीब. त्या काळच्या बाकी कामांवर राबलेल्या आपल्या किती माणसांची नावं अशी राहिली असतील?

1896 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ड्राफ्ट्समनचा वर्ग सुरू झाला. हाताखाली काम करणारी शिकलेली माणसं हवी होती, म्हणून. पुढे त्याच वर्गातून वास्तुकलेचं शिक्षण उभं राहिलं आणि 1913 मध्ये रॉबर्ट केबल तिथे वास्तुकलेचे पहिले प्राध्यापक झाले. त्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी 1917 मध्ये आपली संघटना काढली आणि तिचीच 1929 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. नकाशे काढणारी मदतनीस मुलं एका पिढीत नकाशाखाली सही करणारे आर्किटेक्ट झाली. या धंद्यात मला याहून मोठा अभिमान कशाचा वाटत नाही.

नावं वाढली ती कामं वाटली गेली तेव्हा. आरसीसीचं गणित वेगळ्या माणसाकडे गेलं, मग पाणी आणि ड्रेनेज, मग वीज, लिफ्ट, वातानुकूलन, आग विझवण्याची यंत्रणा. कंबाला हिलवरचं कांचनजंगा घ्या. अठ्ठावीस मजले, 84 मीटर उंची, 1983 मध्ये पूर्ण झालेलं. लोक चार्ल्स कोरियांचं नाव घेतात आणि ते योग्यच आहे. पण दोन मजली उंचीच्या त्या कोपऱ्यातल्या गच्च्या पाहा. एवढा कोपरा पोकळ ठेवून इमारत वाऱ्याला आणि भूकंपाला कशी टिकवायची, हे गणित शिरीष पटेल यांच्या ऑफिसचं. आर्किटेक्ट म्हणून प्रवीणा मेहता यांचाही त्या कामात वाटा होता. हीच तीन माणसं 1965 मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची मांडणी घेऊन आली होती, ज्यातून पुढे नवी मुंबई उभी राहिली. तीन माणसांचं काम एका नावाने ओळखलं जाणं हे वर्तमानपत्रात चालून जातं, नकाशावर चालत नाही. खांबात सळई किती हे आर्किटेक्टला विचारून भागत नाही, आणि साइटवरच्या इंजिनिअरला ते कोणाला विचारायचं हे नकाशानेच सांगायचं असतं.

आमच्या ऑफिसात हे सांगण्याची पद्धत अशी होती. फर्मचा टायटल ब्लॉक ट्रेसिंग पेपरवर आधीच छापून आणलेला असायचा. त्यात कन्सल्टंट लोकांसाठी मोकळे रकाने. स्टेन्सिल धरून रोट्रिंगच्या पेनने एकेक नाव भरायचं: आरसीसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल. आमचे हेड ड्राफ्ट्समन, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, पेन उभं धरायला शिकवत. तिरकं धरलं की शाई स्टेन्सिलच्या कडेखाली शिरते आणि अक्षर फुटतं. नाव बदलायचं असेल तर अर्ध्या ब्लेडने शाई अलगद खरवडायची, खरखरीत झालेला कागद नखाने घोटायचा आणि मग लिहायचं. घोटलं नाही तर नवी शाई तंतूंत पसरते. त्या जागी कागद पातळ व्हायचा आणि अमोनिया प्रिंट काढली की तिथे फिकट डाग उमटायचा. कोणाचं तरी नाव इथे बदललंय, हे प्रिंटच सांगायची.

क्रमावरून कुरबुरी होत. लग्नपत्रिकेत कोणाचं नाव वर आणि कोणाचं ‘आपले विनीत’मध्ये, यावरून घराघरांत जे होतं तेच इथेही. एका कन्सल्टंटांनी आपल्या नावाची अक्षरं दुसऱ्यांपेक्षा बारीक आहेत म्हणून नकाशे परत पाठवल्याचं मला आठवतं. तेव्हा वैताग आला होता. आज मला त्यांचं म्हणणं पटतं.

गंमत म्हणजे प्रमाण मानकांनी या रकान्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. विद्यार्थ्यांना अजूनही 185 बाय 65 मिलिमीटरचा टायटल ब्लॉक काढायला शिकवतात. टायटल ब्लॉकसाठी भारतीय मानक 1985 मध्ये आलं, आयएस 11665. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 7200 मध्ये मालक, क्रमांक, तारीख, शीर्षक, तयार करणारा, मंजुरी देणारा असे रकाने सक्तीचे आहेत. ही मांडणी यंत्राच्या भागांच्या नकाशाला शोभते, जिथे एकाच कारखान्यात सगळं घडतं. इमारतीवर सहा ऑफिसांची माणसं जबाबदार असतात. त्यांचा रकाना बांधकामाच्या धंद्याने आपल्या गरजेने तयार केला.

कायद्याने मात्र नावाला वजन दिलं. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्यानंतर सीए, वर्ष आणि क्रमांक असा नोंदणीचा आकडा सहीखाली येऊ लागला. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीबरोबरच्या प्रोफॉर्म्यात क्षेत्रफळाचा तक्ता, काढणारा, तपासणारा, आर्किटेक्टचं नाव, पत्ता, सही अशा जागाच ठरल्या. आणि 26 जानेवारी 2001 ला भूजचा भूकंप झाला. भूजपासून कितीतरी दूर असलेल्या अहमदाबादेतल्या नव्या इमारती कोसळल्या, बिल्डर आणि इंजिनिअर यांच्यावर गुन्हे दाखल झाले. तेव्हापासून आरसीसी कन्सल्टंट आपलं नाव कुठल्या नकाशावर आहे हे डोळ्यांत तेल घालून पाहू लागले.

तोवर संगणक आले होते. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती 1982 च्या डिसेंबरातली. आमच्याकडे तो बराच नंतर आला, आणि टायटल ब्लॉक प्रत्येक फाईलमध्ये चिकटवलेला असायचा. कन्सल्टंटचा फोन नंबर बदलला की एकेक फाईल उघडा, बदला, बंद करा. 1990 च्या अकराव्या रिलीजमध्ये एक्स-रेफ आलं, म्हणजे टायटल ब्लॉक एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचा आणि बाकी सगळ्यांनी तो तिथून ओढायचा. एका जागी बदल केला की सगळीकडे झाला. आम्हाला केवढा आनंद झाला होता.

रेव्हिटने तेच आणखी पुढे नेलं. पहिली आवृत्ती 2000 सालची, आणि 2002 मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने ती बनवणारी कंपनी विकत घेतली. रेव्हिटबरोबर येणाऱ्या तयार टायटल ब्लॉकमध्ये कन्सल्टंट, पत्ता, फोन असे साचे एकाखाली एक असतात, पण तो नुसता मजकूर. बदलायचा तर टायटल ब्लॉकची फॅमिली, म्हणजे त्याची मूळ फाईल, उघडावी लागते. शहाणं ऑफिस त्या मजकुराच्या जागी शेअर्ड पॅरामीटर, म्हणजे सगळ्या फाईलींत चालणारा सामायिक रकाना, करतं. त्याची नोंद एका टेक्स्ट फाईलमध्ये राहते आणि प्रत्येक पॅरामीटरला स्वतःची ओळख-संख्या मिळते. दुसऱ्या कोणी आपल्या मशीनवर त्याच नावाचा नवा पॅरामीटर केला तर नाव तेच दिसतं, ओळख वेगळी असते आणि रकाना भरत नाही. म्हणून ती टेक्स्ट फाईल सर्व्हरवर एकच हवी आणि तिला हात लावणारा माणूसही एकच. लोगो यातून येत नाहीत. प्रत्येक कन्सल्टंटच्या लोगोची छोटी फॅमिली करून ती टायटल ब्लॉकमध्ये बसवायची आणि हो-नाहीच्या खुणेने दाखवायची किंवा लपवायची.

पण खरा निर्णय पुढे आहे. हा पॅरामीटर कशाला बांधायचा? प्रोजेक्ट इन्फर्मेशनला, म्हणजे संपूर्ण कामाच्या माहितीला, बांधला तर एकदा लिहिलं की झालं, सगळ्या शीटवर तेच नाव. शीटला बांधला तर प्रत्येक शीटचं नाव वेगळं ठेवता येतं, आणि भरण्याची मेहनत वाढते. बहुतेक जण सोपी वाट धरतात.

त्या सोप्या वाटेने काय होतं ते एका पुनर्विकासाच्या कामात दिसलं. पोडियमपर्यंत स्लॅब पडल्यावर आरसीसी कन्सल्टंट बदलले. कोणीतरी प्रोजेक्ट इन्फर्मेशनमध्ये जुनं नाव खोडून नवं टाकलं. काही महिन्यांनी तळघराच्या भिंतीतून पाणी येऊ लागलं, सोसायटीच्या इंजिनिअरने पायाचे नकाशे मागितले, आणि ते मॉडेलमधून ताजे छापून दिले गेले. पायाच्या प्रत्येक शीटवर नव्या कन्सल्टंटचं नाव होतं. पाया खणला तेव्हा त्यांनी ही साइट पाहिलीही नव्हती. ते बैठकीत चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. ज्यांनी ते गणित केलं होतं त्यांचं नाव एकाही शीटवर उरलं नव्हतं. ट्रेसिंगवर असतं तर निदान खरवडल्याचा डाग राहिला असता, आणि साइटवर आधी गेलेल्या प्रिंटवरचं नाव कोणालाच बदलता आलं नसतं.

त्यानंतर मी माझ्या हातातल्या कामांना एक शिस्त लावली. मालक आणि आर्किटेक्ट यांची नावं प्रोजेक्ट इन्फर्मेशनमध्ये, कारण ती सगळ्या शीटवर सारखीच असतात. कन्सल्टंटचं नाव, नोंदणी क्रमांक आणि नेमणुकीची तारीख मात्र शीटला बांधलेली. एकेक शीट उघडून भरण्याची गरज नाही. शीट-लिस्टचं शेड्यूल काढायचं, विषयवार गट पाडायचे, गटाला एकदम मूल्य द्यायचं, दहा मिनिटांचं काम. कन्सल्टंट बदलले तर नवीन नाव फक्त त्यांनी हात लावलेल्या आणि नवा रिव्हिजन नंबर मिळालेल्या शीटवर. ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ म्हणून गेलेल्या प्रत्येक शीटची पीडीएफ त्याच दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर कोणालाही बदलता येणार नाही असा. पाच वर्षांनी कोणी नकाशा मागितला तर प्रत त्या फोल्डरमधली द्यायची, मॉडेलमधून नव्याने छापायचा नाही. नव्या मुलांना हे जाचक वाटतं. मी ऐकत नाही.

आणखी एका रकान्यासाठी मी भांडते. रेव्हिटमध्ये नवी शीट केली की ‘ड्रॉन बाय’पुढे आपोआप ‘ऑथर’ हा शब्द येतो आणि ‘चेक्ड बाय’पुढे ‘चेकर’. कोणी बदललं नाही तर तसाच छापला जातो. कोट्यवधींच्या इमारतींचे नकाशे मी असे पाहिले आहेत, वर मोठमोठ्या सहा ऑफिसांचे लोगो आणि खाली काढणाऱ्याच्या जागी ‘ऑथर’. मास्तर आम्हाला आद्याक्षरं घालायला लावत, आणि नकाशात चूक निघाली की त्याच अक्षरांवर बोट ठेवून हाक मारत. चांगला नकाशा निघाला तरी हाक त्याच अक्षरांनी. आमच्या टेम्प्लेटमध्ये मी ते दोन्ही शब्द काढून टाकले आहेत. शीट इश्यू करण्याआधीच्या तपासणीत पहिली ओळ तीच ठेवली आहे: काढणाऱ्याची अक्षरं आहेत का. नसतील तर शीट जात नाही, मग साइटवरून कितीही फोन येवोत.