एकच कॉम्प्युटर, तीन नोंदी: यादीतल्या दुबार नोंदी कशा शोधायच्या आणि कशा काढायच्या?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. जिल्हा तोच, १४ तालुके तेच, शहराचा पिन कोड ४१४००१ तोच आणि गाड्यांवरची पाटीही एमएच १६. पण एखाद्या एक्सेल शीटला विचाराल, तर 'अहमदनगर' आणि 'अहिल्यानगर' ही तिच्या लेखी दोन वेगळी ठिकाणं आहेत. कुणी नुसतंच 'नगर' लिहिलं असेल, तर तिसरं. इंग्रजीत लिहिताना स्पेलिंगचाही घोळ आहे. २०११ च्या जनगणनेत 'एम'नंतर 'ए' आहे, तर बाकी बहुतेक ठिकाणी 'ई'.

आता समजा, जिल्ह्यातल्या एका कॉलेजनं २०२२ मध्ये घेतलेला कॉम्प्युटर यादीत 'अहमदनगर कॅम्पस' म्हणून नोंदवला. २०२५ च्या पडताळणीत तोच कॉम्प्युटर 'अहिल्यानगर कॅम्पस' म्हणून पुन्हा लिहिला गेला. लॅबमध्ये मशीन एकच, यादीत मात्र दोन. यालाच म्हणतात दुबार नोंद.

या नोंदी तयार कशा होतात, शोधायच्या कशा आणि घाईत डिलीट का करायच्या नाहीत? समजून घेऊया.

दुबार नोंदींनी बिघडतं काय?

पहिला फटका पैशाचा. देखभालीचा वार्षिक करार, म्हणजे एएमसी, बऱ्याचदा दर मशीनमागे ठरतो. अँटिव्हायरसचे परवानेही तसेच. यादीत जास्तीची नावं असतील, तर नसलेल्या मशीनचे पैसे दरवर्षी जातात.

दुसरा फटका निर्णयांना बसतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे शाळा, पतसंस्था, कारखाने, दवाखाने अशा सगळ्यांसमोर एकच प्रश्न आहे: आपल्याकडे अशी जुनी मशीन किती? यादीच चुकीची असेल, तर खरेदीचा आकडाही चुकणार.

तिसरा धोका पटकन लक्षात येत नाही. दुबार नोंदींच्या आड हरवलेलं मशीन लपतं. समजा, यादीत २० कॉम्प्युटर आहेत आणि खोलीत १७. तीन नोंदी दुबार असतील म्हणून सोडून दिलं आणि खरं तर दोनच दुबार असतील, तर एक कॉम्प्युटर गायब आहे आणि ते कुणालाच माहीत नाही.

नोंदी दुबार होतात कशा?

हातानं भरलेल्या यादीत कारणं साधी असतात. एकानं डेडस्टॉक रजिस्टरवरून यादी केली, दुसऱ्यानं बिलांवरून, तिसऱ्यानं खोलीत फिरून. मग तिन्ही याद्या एकाखाली एक चिकटवल्या.

मराठीत भरलेल्या यादीत आणखी काही भर पडते. शेवगाव आणि शेवगांव, कोपरगाव आणि कोपरगांव, 'जि. प.' आणि 'जिल्हा परिषद'. आपण दोन्ही एकच वाचतो, कॉम्प्युटर अक्षर न् अक्षर जुळवतो. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध टाइप होतं, तसंच 'अ' आणि वरचा चंद्र वेगवेगळा टाइप करूनही तयार होतं. स्क्रीनवर 'ॲपल' आणि 'अॅपल' जवळपास सारखेच दिसतात, पण एक्सेलसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत.

सॉफ्टवेअरनं आपोआप बनवलेल्या यादीतही ही अडचण येते. ओसीएस इन्व्हेंटरीसारख्या प्रणालीत प्रत्येक कॉम्प्युटरवर 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो मशीनची माहिती सर्व्हरला पाठवतो. एजंट बसवताना मशीनचं नाव आणि त्या क्षणाची तारीख-वेळ जोडून एक ओळख तयार होते. फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकलं की नवी वेळ, नवी ओळख आणि त्यातून नवी नोंद होऊ शकते.

याच्या उलटही होतं. लॅबमधल्या एका कॉम्प्युटरची डिस्क जशीच्या तशी वीस मशीनवर कॉपी केली, तर एजंटची ओळखही कॉपी होते. मग वीस मशीन एकाच नोंदीवर आळीपाळीनं लिहीत राहू शकतात आणि यादीत एकच कॉम्प्युटर दिसू शकतो.

मग ओळख पटवायची कशावरून?

मुद्दा असा की नाव ही ओळख नव्हे. नाव बदलतं, जिल्ह्याचं बदललं, तसं कॉम्प्युटरचंही बदलतं. न बदलणारी खूण शोधावी लागते. जनगणनेनं २०११ मध्ये या जिल्ह्याला ५२२ हा कोड दिला होता. त्या कोडनं आकडेवारी जोडणाऱ्याला स्पेलिंगची चिंता करावी लागत नाही.

कॉम्प्युटरच्या बाबतीत हे पर्याय आहेत:

• सीरियल नंबर: कंपनीनं दिलेला क्रमांक. मशीनच्या मागे किंवा खाली स्टिकरवर असतो, बायोसमध्येही दिसतो. डेलच्या मशीनवर याला सर्व्हिस टॅग म्हणतात. ब्रँडेड मशीनसाठी सगळ्यात भरवशाची खूण हीच.

• यूयूआयडी: मदरबोर्डमध्ये साठवलेला लांबलचक क्रमांक. चांगली खूण आहे, पण मदरबोर्ड बदलला तर हाही बदलतो.

• मॅक ॲड्रेस: नेटवर्क कार्डचा १२ अक्षर-अंकांचा पत्ता. एका लॅपटॉपला वायफायचा एक आणि केबलचा एक असे दोन असू शकतात. यूएसबीचा लॅन अडॅप्टर तर या लॅपटॉपवरून त्या लॅपटॉपवर फिरतो. म्हणून एकट्या मॅकवर विसंबू नका.

• कॉम्प्युटरचं नाव: 'लॅब-०७' वगैरे. शोधायला सोयीचं, पण ओळख म्हणून कच्चं.

असेंबल्ड मशीनसाठी मात्र सावध राहा. बाजारात जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये सीरियल नंबरच्या जागी कधीकधी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' किंवा 'डिफॉल्ट स्ट्रिंग' असा मजकूर असतो, म्हणजे ती जागा कुणी भरलेलीच नसते. सीरियल जुळतो म्हणून अशा नोंदी एकत्र केल्या, तर पन्नास खरी मशीन मिळून एक होईल. हे शब्द आधीच बाजूला काढा आणि अशा मशीनला स्वतःचा क्रमांक देऊन स्टिकर लावा.

एक्सेलमध्ये शोधायच्या कशा?

१. मूळ फाईलची कॉपी करून ठेवा. सगळं काम कॉपीवर करा.

२. सीरियल नंबरचा कॉलम भरण्याआधीच 'टेक्स्ट' प्रकारचा करा. नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं आणि आकड्यांच्या मध्ये इंग्रजी 'ई' असलेला क्रमांक गणिती संख्या समजून बदलून टाकतं.

३. एका वेगळ्या कॉलममध्ये क्रमांक साफ करून घ्या. 'ट्रिम'नं मागची-पुढची रिकामी जागा जाते, 'अपर'नं सगळी इंग्रजी अक्षरं मोठी होतात.

४. तो कॉलम निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमधला 'ड्युप्लिकेट व्हॅल्यूज' पर्याय वापरा किंवा 'काउंटइफ'नं प्रत्येक क्रमांक किती वेळा आला ते मोजा. एकापेक्षा जास्त वेळा आलेला प्रत्येक क्रमांक संशयित.

५. नुसत्या अंकांचे लांब क्रमांक असतील तर काळजी घ्या. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरतं आणि 'काउंटइफ' टेक्स्टमधले अंकही संख्या म्हणून तपासतं. त्यामुळे सोळावा अंक वेगळा असला, तरी दोन क्रमांक सारखे मोजले जातात. क्रमांकापुढे एखादं अक्षर जोडलं की अडचण सुटते.

६. हातानं लिहिलेल्या क्रमांकांत शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय', आठ आणि 'बी' यांची अदलाबदल होते. मॉडेल, खरेदीची तारीख आणि बिल क्रमांक सारखा, पण सीरियलमध्ये एकाच अक्षराचा फरक, अशा जोड्या डोळ्यांनी पाहा.

सॉफ्टवेअर वापरत असाल तर काम थोडं सोपं होतं. ओसीएस इन्व्हेंटरीत संशयित दुबार नोंदी दाखवण्याची आणि त्या एकत्र करण्याची सोय आहे.

सारखं दिसलं म्हणजे दुबारच का?

नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातच पिंपळगाव माळवी, पिंपळगाव उज्जैनी आणि पिंपळगाव पिसा अशी वेगवेगळी गावं आहेत. यादीत तिन्हीकडे नुसतं 'पिंपळगाव शाळा, संगणक क्र. १' असं लिहिलं असेल, तर तीन खरी मशीन दुबार ठरून उडतील. म्हणून शाळेचं नाव नको, तिचा ११ अंकी यूडायस कोड धरा. प्रत्येक शाळेचा तो वेगळा असतो.

सापडल्या. आता डिलीट करायच्या?

लगेच नाही. आधी खूण, मग खात्री आणि शेवटी काट.

याचं ताजं उदाहरण मतदार यादीत आहे. २०२५ च्या नगरपरिषद आणि नगरपंचायत निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे () छापले. संशय आला म्हणून नाव थेट उडवलं नाही. त्या मतदारानं कुठल्या केंद्रावर मतदान करायचं ते सांगायचं, असं ठरलं. कारण चुकून एक खरं नाव गेलं, तर एका माणसाचा हक्क जातो.

कॉम्प्युटरच्या यादीतही तसंच करा. संशयित नोंदींसमोर खूण करा, यादी घेऊन खोलीत जा आणि स्टिकर पाहा. मशीन एकच निघालं, तर एक नोंद मुख्य ठरवा आणि दुसरीतली उपयोगाची माहिती तिच्यात आणा. जुन्या नोंदीत बिल क्रमांक आणि वॉरंटी असते, तर नव्या नोंदीत सध्याची खोली आणि वापरणाऱ्याचं नाव. दोन्ही लागतात.

म्हणूनच एक्सेलचं 'रिमूव्ह ड्युप्लिकेट्स' बटण इथे जपून वापरा. ते वरची पहिली ओळ ठेवतं आणि बाकीच्या काढून टाकतं. कोणत्या ओळीत काय माहिती होती, हे ते बघत नाही.

सरकारी किंवा अनुदानित संस्थेत आणखी एक पथ्य आहे. डेडस्टॉक रजिस्टरमधली नोंद परस्पर खोडायची नसते. कॉम्प्युटरवरची यादी नीट करा, पण रजिस्टरमध्ये शेरा लिहून जबाबदार अधिकाऱ्याची सही घ्या. मोडीत निघालेल्या मशीनचं निर्लेखन ही वेगळी प्रक्रिया आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या संख्येनं उपकरणं वापरणाऱ्या संस्थांनी ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यायचा असतो. कुठलं मशीन दिलं, हे सांगायला त्याची नोंद शाबूत हवी.

पुन्हा होऊ नये म्हणून

• मशीन आलं की आधी स्टिकर, मग यादीत नोंद, मग वापर.

• गाव, तालुका, खोली टाइप करू देऊ नका. निवडायची यादी द्या, म्हणजे शेवगाव एकाच पद्धतीनं लिहिलं जाईल.

• सीरियल नंबरचा कॉलम 'युनिक' ठेवा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा स्वीकारला जाणार नाही.

• एका मशीनवरून अनेकांची कॉपी करण्याआधी त्यातली एजंटची ओळख-फाईल काढा.

• ठिकाणाचं नाव बदललं तर नवी नोंद करू नका, आहे त्याच नोंदीत बदल करा. जुनं नाव 'पूर्वीचं नाव' या कॉलममध्ये ठेवा. २०२२ च्या बिलावर 'अहमदनगर'च छापलेलं आहे आणि ते बिल शोधायला उद्या तेच नाव लागेल.