स्विचवरच्या सोळा पायऱ्या

पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा दिवसांत तालुक्याच्या कचेरीतला नेटवर्क स्विच जो कुणी जवळ असेल त्याच्याच भरवशावर राहतो. कोणता पोर्ट बंद पडला हे त्याला बघता आलं पाहिजे, तो बंद करून पुन्हा चालूही करता आला पाहिजे. पण सगळी जोडणीच तोडणारा हुकूम त्याच्या हातून चुकून जाता कामा नये, कारण तो निस्तरायला गडचिरोलीहून माणूस पोहोचणार कसा? कुणाला कोणता हुकूम, हे ठरवायची सोय स्विचमध्येच असते, आणि तिचं कूळ स्विचपेक्षा बरंच जुनं आहे.

१९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने अनेकांना एकाच वेळी वापरता येईल असा संगणक चालवून दाखवला. यंत्र सामायिक झालं आणि कुणी काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. मल्टिक्स या पुढच्या प्रणालीने त्यावर एकात एक बसणारी कडी काढली. जितकं आतलं कडं, तितका अधिकार मोठा. १९७३ च्या हनीवेल ६१८० यंत्रात अशी आठ कडी थेट हार्डवेअरमध्ये होती.

स्विचचं घराणं मात्र दुसरं. बीबीएन कंपनीच्या टेनेक्समधून डेक कंपनीची टॉप्स-२० ही प्रणाली आली. तिच्यात मोठे अधिकार असलेला माणूसही आत शिरताना साधाच असे. ‘एनेबल’ असं टंकल्यावरच ते अधिकार जागे होत, आणि पडद्यावरचं ‘@’ जाऊन ‘$’ येई. अधिकार असणं आणि तो या क्षणी हातात घेणं यांत त्या प्रणालीने केलेला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. टॉप्स-२० वर चालणारी यंत्रं स्टॅनफर्ड विद्यापीठात होती. तिथल्याच लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये सिस्को काढली. विल्यम येगर यांनी विद्यापीठात लिहिलेला राउटरचा प्रोग्रॅम तिच्या पायाशी होता, आणि हुकूम देण्याची पद्धत टॉप्स-२० च्या वळणाची. ‘एनेबल’ हा शब्द तसाच आला. चिन्हं तेवढी बदलली, ‘>’ जाऊन ‘#’ येऊ लागलं.

आज सिस्कोच्या स्विचवर अधिकाराच्या पायऱ्या शून्य ते पंधरा, म्हणजे सोळा आहेत. शून्यावर बाहेर पडणं, मदत मागणं असे जेमतेम पाच हुकूम. एकवर बघण्याचे. पंधरावर सगळं. दोन ते चौदा या तेरा पायऱ्या कोऱ्या सोडलेल्या आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी त्या कोऱ्याच राहतात. मग एक तर हाताशी असलेल्या माणसाला काहीच करता येत नाही, नाही तर काम अडू नये म्हणून त्याला पंधराचा पासवर्ड देऊन टाकतात. पायऱ्या निव्वळ अडवण्यासाठी आहेत, या समजुतीतून हे होतं. वरचा एखादा हुकूम गरजवंताच्या हाती उतरवता यावा, हाच तर त्यांचा खरा उपयोग.

गडचिरोली जिल्ह्याने हे जंगलात पाहिलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं, तेव्हा कुठे त्या हक्काने बांबू विकता येऊ लागला.

स्विचवर असा एक हुकूम उतरवायचा तर नेट धरावा लागतो. सातव्या पायरीवरच्या माणसाला पोर्ट बंद-चालू करू द्यायचा असेल, तर ‘कॉन्फिगर टर्मिनल’, ‘इंटरफेस’ आणि ‘शटडाउन’ हे तिन्ही सातवर आणावे लागतात. एकही राहिला तर बाकीचे दोन निरुपयोगी. उलट बाजूची खोडी याहून वाईट. ‘शो’ने सुरू होणारा एखादा लांब हुकूम पंधरावर चढवला, की खुद्द ‘शो’सुद्धा त्याच्याबरोबर वर जातो. मग बाकीचे ‘शो’ हुकूम एकेक करून पुन्हा खाली आणत बसावं लागतं.

आणि एक उणीव राहतेच. पायरीला हुकूम कळतो, पोर्ट कळत नाही. सातवर ‘इंटरफेस’ दिला की मुख्य कचेरीकडे जाणारा पोर्टही बंद करता येतो. ती उणीव टॅकॅक्स-प्लस या प्रोटोकॉलने भरून काढली. टॅकॅक्स ही मूळची १९८० च्या दशकातली बीबीएनचीच कामगिरी. तिच्यावरून सिस्कोने टॅकॅक्स-प्लस घडवलं. यात प्रत्येक हुकूम पुढच्या पोर्ट क्रमांकासह मध्यवर्ती सर्व्हरला विचारला जातो, आणि कुणी काय टंकलं याची नोंदही राहते. पण त्या सर्व्हरशी संपर्क तुटला तर स्विच स्वतःच्या यादीवर येतो, अर्थात तशी सोय आधी लिहून ठेवली असेल तर. म्हणून प्रत्येक स्विचवर, तिथल्या माणसाच्या नावाचं, सातव्या पायरीचं एक खातं असायलाच हवं.