मुदपाकखान्याची अलिखित बखर

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. चूल सहसा उभी राहत नाही. तरीही लढाईला निघालेल्या प्रत्येक सैन्याला त्या दिवशी कोणी तरी काही तरी रांधून घातलेले असते. आज आम्ही बोलणार आहोत ते या दुर्लक्षित चुलीविषयी, आणि त्याला निमित्त झाला आहे अमेरिकेतील एक छंद.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १ मे १९६६ रोजी काही मित्रमंडळींनी एका घराच्या परसात मध्ययुगीन वेष करून शस्त्रस्पर्धेचा मेळा भरवला. त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम' ही संस्था जन्माला आली. सोळाव्या शतकापर्यंतचे, मुख्यतः युरोपातील, जीवन अभ्यासावे आणि ते स्वतः करून पाहावे, हा तिचा उद्योग. १९७२ साली सुरू झालेली तिची 'पेन्सिक' ही छावणी आता पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉक गावाजवळ भरते आणि तेथे हजारो माणसे तंबू ठोकून राहतात. हा निव्वळ पोरखेळ, असे प्रथम आम्हांसही वाटले होते.

काही वर्षांपूर्वी आप्तांकडे मुक्कामाला असताना आम्ही अशाच एका लहान छावणीत गेलो. मिरी-सुंठीच्या देशातला माणूस म्हणून तेरा ते सतरा वर्षांच्या नऊ मुलांचा पाकवर्ग आमच्या गळ्यात पडला. पुस्तक घेतले 'फॉर्म ऑफ क्युरी'. येथील 'क्युरी' म्हणजे आपली 'करी' नव्हे. तो स्वयंपाकाला जुना शब्द आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुख्य आचाऱ्यांनी इ. स. १३९० च्या सुमारास तयार केलेला हा सुमारे दोनशे कृतींचा संग्रह सॅम्युएल पेग याने १७८० साली छापला.

पहिल्या दिवशी आमच्या हातून एक चूक झाली. 'मॅक्रोज' नावाच्या पदार्थाची कृती आम्ही आधुनिक मापांत उतरवून दिली: इतक्या वाट्या पीठ, इतके मीठ, इतकी मिनिटे उकळा. मुलांनी ती बिनचूक केली, खाल्ली आणि खेळायला निघून गेली. ज्या काळी चुलीशेजारी घड्याळ नव्हते, त्या काळचा पदार्थ त्यांनी आमच्या घड्याळावर शिजवला होता. त्यात चौदावे शतक कोठेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो कागद काढून घेतला आणि मूळ कृती तेवढी दिली. तिचा आशय असा: कणकेची पातळ पोळी करावी, तुकडे कापावेत, उकळत्या पाण्यात चांगले शिजवावेत, किसलेले चीज आणि लोणी खालीवर पसरून, 'लोझिन'प्रमाणे वाढावे. पातळ म्हणजे किती? कणकेत अंडे घालायचे की नाही? चीज कोणते? याबद्दल एक अक्षर नाही. 'लोझिन'ची कृती शोधावी, तर तीत 'पाउडर डूस', म्हणजे गोडसर मसाल्याची पूड, घालायला सांगितली आहे. आणि त्या पुडीत काय काय असते, ते ग्रंथात दिलेले नाही.

मुलांच्या तीन तुकड्या होत्या. एकीचे तुकडे आत कच्चे राहिले, दुसरीचे पाण्यात विरघळून पेज झाली, तिसरीचे बरे उतरले. मुले चिडली. लिहिणारा निष्काळजी होता, असा त्यांचा निवाडा! तेव्हा आम्ही त्यांना सांगितले, आमच्या घरी आमटीची कृती कोणी विचारली तर आई 'थोडा काळा मसाला घाल' एवढेच सांगे. त्या मसाल्यात काय असते, हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असे. राजाच्या आचाऱ्यानेही शेजारी उभे राहून शिकलेल्या माणसासाठीच लिहिले. कागद हा आठवणीचा आधार होता. तो गुरूच्या जागी नव्हता. शिकवणाऱ्या हातांची साखळी तुटली आणि कागद मुका झाला. दानपत्रे वाचा, दप्तरे वाचा, अनुभव हाच येतो: सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कोणीच लिहून ठेवत नाही, आणि नेमकी तीच प्रथम हरवते.

मग एका चौदा वर्षांच्या मुलीने विचारले, "मग आमच्यात बरोबर कोणाचे?" आम्ही म्हणालो, "कच्चे आणि विरघळलेले चूक, हे जीभच सांगते. पण बरे उतरलेले ते राजाच्या पानातलेच, असे कोणालाही म्हणता येणार नाही." गव्हाच्या जाती बदलल्या, गाई बदलल्या, चीज बदलले. खरे सांगायचे तर थोडी तडजोड आम्हीही केली होती. त्याच ग्रंथातील कच्च्या पाल्याच्या 'सॅलट'मध्ये लसूण, पुदिना आणि आपली घोळाची भाजीसुद्धा आहे. पण त्यातला सताप आम्ही वगळला, कारण त्याचा रस अंगाला लागून ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी होते. वगळल्याचे मुलांना सांगितले मात्र. इतिहासात तडजोड करावी लागते. ती लपवणे हा अपराध होय.

संध्याकाळी एक मुलगा तासभर विस्तवापुढे बसून कोंबडीची सळई फिरवत होता. डोळ्यांत धूर, तोंडावर धग. शेवटी त्याने विचारले, "तेव्हा हे काम कोण करी?" तुझ्याच वयाची पोरे, आम्ही म्हणालो. त्यांतील बहुतेकांची नावे कोठेच उरलेली नाहीत. एकाचे उरले. गीयोम तिरेल हा १३२६ साली फ्रान्सची राणी झान देव्ह्रो हिच्या मुदपाकखान्यात पोरगा म्हणून नोंदलेला सापडतो. हाच पुढे 'तायव्हाँ' या नावाने राजा पाचवा चार्ल्स याचा मुख्य आचारी झाला. इ. स. १३९३ च्या सुमाराचे 'मेनाझिए द पारी' हे पुस्तकही नवऱ्याने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोला घर चालवण्याची शिकवण द्यावी, अशा रूपात लिहिलेले आहे. म्हणजे ही विद्या त्या काळीही याच वयात शिकली जाई. तो मुलगा काही बोलला नाही, पण सळई त्याने दुसऱ्याच्या हाती दिली नाही.

असो. आपल्याकडे तर याहून अडीचशे वर्षे जुने साधन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात उडदाच्या इडरिका आहेत, वडे आहेत, मिरी-जिरे-हिंग आहे. मिरची नाही, कारण ती पोर्तुगीजांच्या मागून आली. एखाद्या सुटीत गडाच्या पायथ्याशी तीन दगडांची चूल मांडावी, हे श्लोक अर्थासह मुलांच्या हाती द्यावेत आणि मापे मात्र देऊ नयेत. पहिली इडरिका बिघडेल. ती बिघडू द्यावी, आणि मुले काय विचारतात ते ऐकत बसावे.