शाहू महाराजांच्या हुकुमांचा हिशेब

राज्यकर्त्याने केलेल्या समाजसुधारणेचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांस नेहमीच अडवितो. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांच्याविषयी तिकडे अजूनही वाद चालतो. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, १९६५ चा मतदानहक्काचा कायदा आणि वृद्धांच्या औषधोपचाराची योजना जमेस धरावयाची, आणि व्हिएतनामचे युद्ध खर्ची टाकावयाचे, असा हा वाद आहे. अशीच वही जिच्यावर मांडावी अशी एक व्यक्ती आपल्या अगदी शेजारी होऊन गेली. २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले आणि २ एप्रिल १८९४ रोजी कोल्हापूरच्या राज्याची सूत्रे हाती घेतलेले शाहू छत्रपती, हीच ती व्यक्ती.

जयंतीच्या व्याख्यानांतून महाराजांच्या हुकुमांची लांबलचक यादी ऐकावयास मिळते. यादी खरी आहे, पण यादी म्हणजे मूल्यमापन नव्हे. हुकूम काढणे संस्थानिकाला अवघड नव्हते. जॉन्सन ह्यांना एकेका कायद्यासाठी काँग्रेसमधील सभासदांची मनधरणी करावी लागली. करवीर दरबारात महाराजांची सही पुरेशी होती. तेव्हा सहीनंतर काय झाले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

ह्या कामी आपला सीमाभाग मोठा उपयोगी आहे. आज एकाच बेळगाव जिल्ह्यात असलेली रायबाग आणि निपाणी ही दोन गावे त्या काळी दोन राज्यांत होती. रायबाग कोल्हापूर संस्थानात आणि निपाणी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. निपाणीहून कागल अवघे काही कोस. पण महाराजांचा हुकूम मध्येच थांबत असे.

आता १९०२ चा प्रसिद्ध हुकूम घ्या. सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेत असताना २६ जुलै रोजी तो करवीरच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, असा त्याचा आशय. त्यातील एका कलमाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी आपल्या नेमणुकांचे पत्रक सादर करावे, असे त्यात बजाविले होते. माझ्या मते हुकुमाचा जीव ह्या पत्रकात आहे. ज्याने कधी सरकारी कचेरीत पाय ठेवला आहे त्याला हे सांगावयास नको. १८९४ मध्ये संस्थानच्या सामान्य प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १९२२ मध्ये ९५ पैकी ३६.

वेदोक्ताच्या प्रकरणात दुखावलेल्या अभिमानातून हे सारे घडले, असे महाराजांचे टीकाकार म्हणत आले. तो अपमान खरा होता आणि त्याने ठिणगी टाकली, हेही कबूल करू. पण अभिमानापोटी मनुष्य स्वतःच्या जातीचे वसतिगृह काढील. महाराजांनी १९०१ मध्ये मराठ्यांचे बोर्डिंग काढले, त्याच सुमारास जैनांचे निघाले. पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे, १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आणि १९१५ मध्ये आम्हा ख्रिस्ती मुलांसाठीही एक वसतिगृह निघाले. नोकरीचा हुकूम निघाला तरी त्या जागेवर बसण्याइतका शिकलेला मुलगा कोठून आणावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या वसतिगृहांनी दिले. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शाळेपेक्षाही दोन वेळचे जेवण आणि अंथरूण टाकण्यास जागा अधिक दुर्मिळ होती.

१९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड! त्या वर्षी ह्या योजनेत २७ शाळा व १,२९६ मुले होती. १९२१-२२ मध्ये ४२० शाळा व २२,००७ मुले झाली. इकडे निपाणीत काय होते? इलाख्यात १९१८ चा पटेल कायदा आला; पण सक्ती करावयाची की नाही, हे त्याने नगरपालिकांच्या मर्जीवर सोडले होते. शिक्षक ह्या नात्याने मला ह्या दोन कायद्यांतील अंतर फार बोलके वाटते. महाविद्यालयीन शिक्षणाकडे महाराजांचे दुर्लक्ष झाले, हा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही.

अस्पृश्यतेवरील १९१९ च्या हुकुमांतही हीच दृष्टी दिसते. दवाखान्यात अस्पृश्य रोग्याला समतेने वागवावे, ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा आणि निवृत्तिवेतनाची आशा धरू नये, असे त्यांत स्पष्ट होते. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळांत बसविण्याचे ठरले.

खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. निम्म्या जागा मागासलेल्यांच्या, पण मागासलेल्यांत कोण किती मागे, ह्याची प्रतवारी त्या हुकुमात नव्हती. जो आधीच एक पायरी वर उभा, त्याचा हात प्रथम पोहोचणार, हे उघड होते. दुसरे असे, की ह्या सुधारणांच्या पाठीशी निवडून आलेली सभा नव्हती. जॉन्सन ह्यांचा कायदा मोडावयाचा तर पुन्हा काँग्रेसपुढे जावे लागते. येथे एका लेखणीने दिलेले दुसऱ्या लेखणीने काढून घेता आले असते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज निवर्तले तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ होते.

आणि तिसरी अडचण सीमेची. मुली देवाला सोडण्याच्या चालीला आळा घालण्यासाठी महाराजांनी १९२० मध्ये कायदा केला. पण ज्या सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे ह्या वाटा जात, तो डोंगर इंग्रजी मुलखात. मुंबई इलाख्याचा ह्या बाबतीतील कायदा १९३४ चा, आणि कर्नाटकाला १९८२ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला.

हुकूम सीमेपाशी थांबले तरी माणसे थांबली नाहीत. महाराजांच्या शिक्षणखात्यात काम केलेले अण्णासाहेब लठ्ठे बेळगावात वकिलीसाठी आले, १९२४ मध्ये त्यांनी महाराजांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले आणि १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात ते मुंबईचे अर्थमंत्री झाले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी ज्या तरुणाकडे बोट दाखवून, हाच तुमचा पुढारी, असे अस्पृश्य समाजाला सांगितले, ते डॉ. आंबेडकर. त्यांच्या ‘मूकनायक’ पत्रास महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. महाराजांच्या मागे तीन वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन भरले, त्यात आंबेडकर बोलले. ते अधिवेशन कोल्हापूरच्या हद्दीत नव्हते, निपाणीत होते.