क्षयाची किंमत

सुरगाणा हें १९४८ पर्यंत लहानसें संस्थान होतें. त्या काळीं क्षयावर उपाय म्हणजे आरोग्यधाम: मोकळी हवा, दूध, अंडीं आणि महिनोन्महिने विश्रांति. डोंगरांत नागली पिकविणाऱ्या कुटुंबास हा उपाय रोगाहून महाग! १९५६ सालीं मद्रासेस सुरू झालेल्या प्रयोगांत घरीं राहून घेतलेलीं औषधेंही तितकींच गुणकारी ठरलीं, हें आम्ही मोठेंच उपकार समजतों. पुढें तीं सरकारांतून विनामूल्य मिळूं लागलीं. २००४ पासून एच.आय.व्ही.चींही. मग खर्च उरला कोठें? वाटखर्चांत आणि बुडालेल्या मजुरींत. क्षयरोग्यास पोषणासाठीं २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. २०२४ च्या नोव्हेंबरांत त्यांचे १,००० झाले. पण द्राक्षांच्या हंगामांत सुरगाण्याचीं माणसें दिंडोरी-निफाडकडे मजुरीस उतरतात. अंगांत ताकद येईपर्यंत जो घरींच बसला, त्याच्या चुलीस हे हजार किती दिवस पुरावे?