मेमरीची कवायत

आयबीएमने ऑगस्ट 1981मध्ये बाजारात आणलेल्या पीसीमध्ये वीज येताच, कार्यप्रणाली डिस्कवरून उचलली जाण्याआधी, रॉममधील बायॉस ही मूळ प्रणाली मेमरीत ठरावीक आकडे लिहून ते जसेच्या तसे परत वाचता येतात का, हे पाहत असे. त्यांपैकी 55 आणि एए या षोडशमान आकड्यांचे बिट शून्य आणि एक असे आलटून-पालटून येत असल्यामुळे शेजारच्या दोन वाहिन्या एकमेकींना चिकटलेल्या असतील तर ते उघडे पडे.

मात्र एका बिटावर लिहिताना दूरचाच एखादा बिट बदलणे, म्हणजे ‘युग्मदोष’, अशा ढोबळ तपासणीतून निसटू शकतो. तो पकडण्यासाठी चिप-उत्पादक वापरत असलेल्या ‘गॅलपॅट’ पद्धतीत प्रत्येक बिट उलटा करून त्याच्याशी उरलेले सर्व बिट आळीपाळीने ताडले जात, त्यामुळे लागणारा वेळ बिटांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढे. एक मेगाबिटच्या चिपवर, एका वाचनाला 100 नॅनोसेकंद धरले तर, बिटांच्या संख्येच्या नुसत्या वर्गाइतक्या वाचनांनाच सुमारे 30 तास होतात. यावर निघालेला तोडगा ‘मार्च’ पद्धतींचा. त्यांत कवायतीतल्या रांगेप्रमाणे सर्व बिटांवरून आधी चढत्या आणि मग उतरत्या क्रमाने जायचे, प्रत्येक ठिकाणी जुने मूल्य वाचायचे आणि उलटे लिहायचे. मारिनेस्कू यांनी 1982 साली मांडलेल्या ‘मार्च सी’मधील एक वाचन अनावश्यक असल्याचे व्हॅन दे गूर यांनी पुढे दाखवले, आणि दर बिटामागे अवघ्या 10 क्रिया उरल्या, वरच्याच चिपला आता जेमतेम एक सेकंद पुरतो.

घरगुती संगणकाने वेग साधला तो मात्र या गणिताने नव्हे, तर तपासणीच टाळून. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्यास पीसीची बायॉस मेमरीत एका ठरलेल्या जागी 1234 हा षोडशमान आकडा ठेवी, आणि पुन्हा सुरू होताना तो दिसला की मेमरीची तपासणी वगळी. पुढे बायॉसमध्ये झटपट तपासणीचा पर्यायही आला. गंमत म्हणजे 1993च्या एमएस-डॉस 6.2मध्ये ‘हायमेम’ हा चालक एक मेगाबाइटच्या वरची मेमरी स्वतः तपासू लागला, आणि ‘टेस्टमेम ऑफ’ अशी सूचना लिहून ती थांबवण्याची सोयही सोबतच होती. लिनक्सच्या गाभ्यातली अशी तपासणी तर मागितल्याशिवाय चालतच नाही; मागितली, तर किती नमुने लिहायचे ते वापरणारा ठरवतो आणि सदोष आढळलेला भाग गाभा बाजूला राखून ठेवतो.