नौगावचा गांजा महाल

आजच्या बांगलादेशात, राजशाहीच्या उत्तरेला, छोट्या जमुना नदीच्या काठी नौगाव हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. इंग्रजी अमदानीत या गावाभोवतीच्या काही मैलांच्या मुलखाला सरकारी दप्तरात ‘गांजा महाल’ म्हणत. बंगाल, बिहार, आसाम या भागांतल्या परवानाधारक दुकानांत विकला जाणारा गांजा मुख्यतः या एवढ्याशा टापूत पिके. रोप कोणी लावायचे, किती बिघ्यांत लावायचे, कापणी झाल्यावर माल कोणत्या गोदामात न्यायचा आणि तिथून कोणी उचलायचा, हे सगळे सरकार ठरवी. शेतकऱ्याच्या हातात उरे ती फक्त मशागत, आणि तीत मात्र सरकारला काही कळत नसे.

कंपनी सरकारची नजर या झाडाकडे प्रथम गेली ती करासाठी. 1793 च्या एका नियमाने बंगालमध्ये भांग, गांजा आणि चरस विकण्यासाठी कलेक्टरचा परवाना सक्तीचा झाला. 1800 मध्ये चरस सर्वांत घातक ठरवून त्यावर बंदी घालण्यात आली आणि 1824 मध्ये, तो गांजापेक्षा काही वेगळा घातक नाही असे म्हणत, ती उठवण्यात आली. कागदोपत्री हेतू नशा आटोक्यात ठेवण्याचा असे. पण पुढच्या शंभर वर्षांतले बहुतेक फेरफार पाहिले तर त्यांमागे माल चोरवाटेने निसटू नये आणि कर बुडू नये ही काळजी जास्त दिसते. सुरुवातीला दुकानावर कर होता, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तो मालाच्या वजनावरही बसू लागला. वजनावर कर म्हटला की माल कुठे पिकतो, किती पिकतो आणि कुठून बाहेर पडतो हे माहीत असावे लागते. म्हणून लागवड एका ठिकाणी गोळा करण्याचे धोरण आले. पूर्वी जेसोर भागातही हे पीक घेत. ते थांबले आणि नौगावची मक्तेदारी पक्की झाली.

या शेतीची सविस्तर माहिती दोघांनी लिहून ठेवली. डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र केर यांचा अहवाल 1877 चा, आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातले डेव्हिड प्रेन यांचा 1893 चा. केर महसूल खात्याचे आणि प्रेन वनस्पतीशास्त्रज्ञ. तरी दोघेही शेतकऱ्याच्या कसबापाशी बराच वेळ थांबतात.

पिकाला उंचवट्यावरची, पाण्याचा निचरा होणारी हलकी पोयट्याची जमीन लागे. झाडांची सावली नको, आणि लागोपाठ त्याच वावरात पीक नको. उन्हाळ्यापासून नांगरणीच्या पाळ्यांवर पाळ्या देऊन माती भुसभुशीत केली जाई आणि शेणखत घातले जाई. ऑगस्टमध्ये रोपवाटिकेत बी फेकत, तेही उघडीप पाहून, कारण पेरल्यापेरल्या जोराची सर आली तर बी कुजे. वीतभर वाढलेली रोपे सप्टेंबरच्या सुमारास सरीवरंब्यांवर हलवत. रोपे मूळ धरू लागली की वरंबे फोडून, पेंड आणि शेणखत घालून ते पुन्हा बांधत. नोव्हेंबरात खालच्या फांद्या छाटत, म्हणजे झाड वर वाढे आणि शेंड्याकडे जोर जाई.

यानंतरचे काम सगळ्यांत नाजूक. भांगेच्या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात आणि परागकण वाऱ्यावर जातात. गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा. परागण झाले नाही तर तो दाट होत जातो आणि त्यावर चिकट राळ धरते. परागण झाले की झाडाची शक्ती बियांत जाते आणि राळ कमी पडते. म्हणजे नर झाड फुलायच्या आत ओळखून काढून टाकायला हवे, आणि तेही प्रत्येक. एक जरी नजरेतून सुटले तरी शेजारच्यांच्या वावरांतही बी धरणार. हे काम शेतकरी स्वतः करीत नसत. त्यासाठी पोद्दार किंवा परखदार म्हणून ओळखले जाणारे जाणकार असत. इंग्रज अधिकारी त्यांना ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. अनेक शेतकरी मिळून एक पोद्दार ठरवत. तो सरीतून चालत जाई, पानाच्या बेचक्यातली बारीक कळी पाही, नर असेल ते रोप मोडून पुढे सरके, आणि मागून येणारा शेतकरी ते उपटून टाकी. अशा फेऱ्या पुन्हा पुन्हा होत. मादी झाडावरही क्वचित नरफुले येतात, म्हणून कापणीपर्यंत निर्धास्त होता येत नसे.

पिकाचे वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर बेतलेले होते, याचा उलगडा मात्र नौगावात झाला नाही. भारतीय वाण दिवस लहान होऊन रात्र मोठी झाल्याशिवाय फुलोऱ्यावर येत नाही. पॅरिसमध्ये ज्युलियन तूर्न्वा यांना 1912 च्या सुमारास भांगेच्या आणि हॉपच्या रोपांवर प्रयोग करताना दिसले की उजेडाचे तास कमी केले तर रोप लहान वयातच फुलते. हा धागा अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून पुढे नेला, आणि वनस्पतींच्या दिनमानाचे शास्त्र उभे राहिले. 1924 मध्ये रशियातल्या यानिशेव्हस्की यांनी व्होल्गाकाठच्या रानटी भांगेचे वेगळ्या जातीचे म्हणून वर्णन केले. ती खुरटी, आणि रात्र मोठी होण्याची वाट न पाहता वयानुसार फुलणारी. या गुणाचा संकर करून विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे युरोप-अमेरिकेत ‘ऑटोफ्लॉवर’ वाण तयार झाले. ते खोलीत दिव्याखाली वर्षातल्या कोणत्याही महिन्यात बी पेरून सुमारे अडीच-तीन महिन्यांत कापणीला येतात. नौगावच्या शेतकऱ्याला अशी मुभा नव्हती. पेर ऑगस्टमध्ये आणि कापणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, यात फार मागेपुढे होत नसे. ऑगस्टची उशिराची पेर सोयीची होती ती याचसाठी: रोप फार उंच व्हायच्या आतच दिवस आखूड होऊ लागत आणि बुटके, आवरता येईल असे झाड हाती येई.

कापलेल्या झाडांपासून दोन प्रकारचा माल होई, चपटा आणि गोल. चपट्यासाठी कापलेली झाडे रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवून, खळ्यावर चटईभर वर्तुळात रचत, शेंडे आतल्या बाजूला. मग माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्यावर गोल गोल फिरत आणि पायाने फुलोरा दाबून चपटा करीत. पालटून पुन्हा तेच. मध्येच ढिगावर वजन ठेवत आणि झटकून सुटी पाने, देठ वेगळे करीत. गोल गांजाला जास्त मेहनत लागे: आडवा बांबू हाताने धरून उभे राहायचे आणि चटईवरचे दोन-चार शेंडे पायाखाली घोळवत लोळवायचे, वाती वळाव्यात तसे. झडलेल्या फुलांचा भुगा तो चूर. चूरमध्ये काडी नसे, म्हणून त्यावर कराचा दर सर्वांत चढा. चपट्यात काडीचे वजन जास्त, म्हणून दर कमी.

लागवडीसाठी दरवर्षी परवाना घ्यावा लागे. शेताची मोजणी होई, पीक उभे असताना पाहणी होऊन उत्पन्नाचा अंदाज नोंदला जाई आणि तयार माल सरकारी गोल्यात, म्हणजे गोदामात जाई. बाहेरच्या जिल्ह्यांतले घाऊक व्यापारी परवाना घेऊन येत, सौदा करीत आणि कागदपत्रांसह माल नेत. दुकानांचे परवाने लिलावात जात. या साखळीत सरकार आणि व्यापारी यांचे फावे. शेतकरी सावकाराकडून उचल घेऊन पीक उभे करी आणि भाव ठरवण्यात त्याला जागाच नसे, कारण माल दुसरीकडे विकणे हा गुन्हा होता.

1893 मध्ये हा सगळा व्यवहार लंडनमध्ये चर्चेला आला. हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरलेली आहेत, असा बोलबाला होता. कॉमन्स सभेत मार्क स्टुअर्ट यांनी प्रश्न विचारला आणि सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सात सदस्यांत तिघे हिंदी होते: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, पंजाबचे कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. आयोगाने देशभर हिंडून 1,193 साक्षी नोंदवल्या. वेडाच्या प्रश्नावर त्याने केलेले काम आजही वाचण्याजोगे आहे. 1892 मध्ये इस्पितळांत दाखल झालेल्या 1,344 रुग्णांपैकी 222 जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण लिहिलेले होते. आयोगाने एकेक प्रकरण काढून पाहिले, तेव्हा त्यांतली 98 च कशीबशी टिकली. बाकीच्यांत पोलिसाने किंवा कारकुनाने रकाना रिकामा राहू नये म्हणून गांजा लिहून टाकला होता, असा प्रकार वारंवार निघाला. 1894 च्या अहवालाने माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही असा निष्कर्ष काढला, अतिसेवन घातक म्हटले आणि संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. राय आणि निहालचंद यांनी मात्र भिन्न मतपत्रिका जोडल्या. राय यांची ताहिरपूरची जमीनदारी राजशाही जिल्ह्यातलीच होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आयोगाला नौगावची पद्धत आदर्श वाटली: लागवड थोड्या जागी, माल सरकारी गोदामात, कर वजनावर. इतर प्रांतांनी हाच कित्ता गिरवावा, असे त्याने सुचवले. मध्य प्रांतात नेमाड जिल्ह्यातल्या खांडव्याभोवती अशी परवान्याची शेती होतीच, आणि नागपूर-जबलपूरकडच्या दुकानांना तिथला माल जाई. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होई. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू-ताडीबरोबर भांग-गांजाही अबकारी खात्याच्या हाताखाली आणला होता. नर झाडे उपटण्याची रीत इकडेही होती. पण इलाख्यात बंगालइतकी करडी देखरेख नव्हती आणि शेतातून माल कुठे जातो याचा हिशेब ढिला होता. देव्हाऱ्यापुढे आणि शिवरात्रीला घोटली जाणारी भांग हा तर वेगळाच विषय. ती पानांची, अनेक ठिकाणी रानातून आणलेली, आणि तिच्यावर नजर ठेवणे कोणत्याच प्रांताला फारसे जमले नाही.

नौगावात पुढचा मोठा फेरबदल 1917 मध्ये झाला. गांजा पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था नोंदली गेली आणि माल गोळा करून विकण्याचा अधिकार तिच्याकडे आला. व्यापारी आणि सावकार बाजूला झाले. नफा संस्थेकडे राहू लागला आणि तिने त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते बांधले. सहकाराच्या इतिहासात साखर कारखान्यांचा, दूध संघांचा उल्लेख नेहमी होतो; परवानगीच्या नशेच्या पिकावर उभी राहिलेली आणि गावाला शाळा देणारी ही संस्था मात्र क्वचितच कुणाला आठवते. सहकाराचा इथे फायदा दुहेरी होता. सगळे सभासद एकाच टापूतले असल्याने शेजाऱ्याचे नर झाड हा सर्वांचा प्रश्न असे, आणि तो संस्थेला हाताळता येई.

त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय वारे फिरू लागले. 1925 च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या प्रतिनिधीने हशीशचा विषय लावून धरला आणि भांगेचा आंतरराष्ट्रीय व्यापार पहिल्यांदा करारात आला. ब्रिटिश हिंदुस्थानने देशांतर्गत वापरावर बंधन स्वीकारण्याचे टाळले. 1947 मध्ये नौगाव पूर्व पाकिस्तानात गेले आणि पश्चिम बंगालच्या दुकानांचा पुरवठादार सीमेपलीकडे पडला. मुंबई राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याने मादक द्रव्यांचाही बंदोबस्त केला. 1961 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारताने मुदत मागून घेतली: गांजाचा औषधाबाहेरचा वापर 25 वर्षांत थांबवायचा. करार डिसेंबर 1964 मध्ये अमलात आल्याने ती डिसेंबर 1989 ला संपणार होती. व्याख्येतून शेंड्याशिवायची पाने आणि बी वगळली गेल्याने भांग या कचाट्यातून सुटली.

भारताच्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याने हीच व्याख्या उचलली. कायदा त्या वर्षी आला तरी गांजावरची बंदी 12 डिसेंबर 1989 पासून लागू करण्यात आली, म्हणजे मुदत पुरेपूर वापरली. त्याआधी, 1987 मध्ये, बांगलादेशाने नौगावची लागवड बंद केली. पोद्दाराच्या कामाला त्यानंतर वाव उरला नाही. संस्था आणि तिच्या मालमत्ता मात्र गावात आहेत. भारतात परवान्याशिवाय एका कुंडीतले झाडही कायद्याच्या कलम 20 खाली येते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत असू शकते. कलम 10 राज्यांना वैद्यकीय व वैज्ञानिक कामासाठी लागवडीला परवाना देण्याचा अधिकार देते आणि कलम 14 धाग्या-बियांसाठीच्या लागवडीला वाट ठेवते. या दुसऱ्या वाटेने उत्तराखंडने 2018 पासून नशेचे द्रव्य 0.3 टक्क्यांच्या आत असलेल्या वाणांना परवाने दिले.